सिलिकॉन काचेला किती चिकटतं? कॉलेजच्या लॅबमध्ये आसंजन मोजण्याची सविस्तर पद्धत

दहा मिलिमीटर त्रिज्येचा सिलिकॉन रबराचा घुमट स्वच्छ काचेवर नुसता टेकवला, वरून काहीही भार दिला नाही, तरी दोघांमध्ये साधारण ०.६ मिमी व्यासाचं संपर्कवर्तुळ तयार होतं. हाइनरिख हर्ट्झने १८८२ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे असं व्हायला नको. भार शून्य तर संपर्क शून्य, असं ते सूत्र सांगतं. हर्ट्झचं गणित चुकलेलं नाही; त्याने पृष्ठभागांमधलं आकर्षण हिशेबात धरलंच नव्हतं. स्टील आणि काचेसारख्या कडक वस्तूंना भरपूर भार असेल तर ते न धरूनही चालतं. रबर मऊ, भार हलका आणि पृष्ठभाग गुळगुळीत असला की मात्र चालत नाही.

ही उणीव १९७१ मध्ये केंब्रिजच्या जॉन्सन, केंडाल आणि रॉबर्ट्स यांनी भरून काढली. रबर आणि जिलेटिनचे गोल घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि हर्ट्झच्या सूत्रात एक पद वाढवलं. तिघांच्या आडनावांवरून त्याला जेकेआर सिद्धांत म्हणतात. तोच प्रयोग बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये, बहुतेक हाताशी असलेल्या सामानात कसा करायचा, हे इथे दिलं आहे. सोलापूरचा उन्हाळा, बोअरचं पाणी आणि यंत्रमागांची रुई यांचा या प्रयोगाशी थेट संबंध येतो, तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

आधी सूत्र, आणि आकडे किती यायला हवेत

पाच राशी लागतात: भ म्हणजे भार (न्यूटन), त्र म्हणजे घुमटाची त्रिज्या (मीटर), स म्हणजे संपर्कवर्तुळाची त्रिज्या (मीटर), क म्हणजे जोडीचा ताठपणा (पास्कल) आणि च म्हणजे चिकटण्याची ऊर्जा (ज्यूल प्रति चौरस मीटर). हर्ट्झप्रमाणे

भ = क × स³ ÷ त्र

आणि जेकेआरप्रमाणे

भ = क × स³ ÷ त्र − √(६ × पाय × च × क × स³)

यातला पाय म्हणजे ३.१४ हा स्थिरांक. वजा चिन्हानंतरचं पद हे आसंजनाचं, म्हणजे पृष्ठभागांच्या एकमेकांना चिकटण्याचं. दोन्ही बाजूंना स च्या दीड घाताने भागलं की सरळ रेषा मिळते:

भ ÷ स^१.५ = क × (स^१.५ ÷ त्र) − √(६ × पाय × च × क)

उभ्या अक्षावर भ ÷ स^१.५ आणि आडव्या अक्षावर स^१.५ ÷ त्र घेतलं, तर रेषेचा उतार म्हणजे क. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या आकड्यावरून च निघतो. आसंजन नसेल तर रेषा शून्यातून जाते. संपूर्ण प्रयोगाचा जीव या एका आलेखात आहे.

काच रबरापेक्षा हजारो पटींनी कडक असल्यामुळे ती वाकतच नाही असं धरायचं. सिलिकॉनचं पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर वस्तू आडवी किती आक्रसते याचं प्रमाण) ०.५ घेतलं की यंग गुणांक (नुसत्या रबराचा ताठपणा) = ९ ÷ १६ × क. यंग गुणांक २ मेगापास्कल असेल तर क येतो ३.५६ मेगापास्कल. च ०.०५ धरला आणि त्र १० मिमी, तर हिशेब असा बसतो:

| भार | स, आसंजन धरून | स, हर्ट्झप्रमाणे |
|---|---|---|
| ० | ०.३० मिमी | ० |
| १ ग्रॅम | ०.४१ मिमी | ०.३० मिमी |
| ५ ग्रॅम | ०.६० मिमी | ०.५२ मिमी |
| १० ग्रॅम | ०.७२ मिमी | ०.६५ मिमी |

भार वाढत जातो तसा दोन रकान्यांमधला फरक टक्क्यांत कमी होत जातो. म्हणून पन्नास-शंभर ग्रॅमची वजनं ठेवून हा प्रयोग करू नये. आसंजन हलक्या भाराखालीच ठळक दिसतं.

आता घुमट वर ओढत गेलं तर भार ऋण होतो आणि एका ठिकाणी घुमट सुटतो. ते सुटण्याचं बळ = १.५ × पाय × च × त्र. वरच्या आकड्यांनी ते २.३६ मिलिन्यूटन, म्हणजे काट्यावर ०.२४ ग्रॅम. सुटताना स हा शून्य भाराच्या स च्या ०.६३ पट असतो, म्हणजे सुमारे ०.१९ मिमी. वर्तुळ हळूहळू बिंदू होत जाऊन सुटत नाही. चांगलं मोठं असतानाच एकदम सुटतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की धक्का लागला.

या सूत्रात क नाही, हे नीट बघा. रबर असो की स्टील, च आणि त्र सारखे असतील तर सुटण्याचं बळ तेवढंच यायला हवं. मग बेअरिंगचा बॉल काचेला का चिकटत नाही? उत्तर खडबडीतपणात आहे. शून्य भाराला रबराचा घुमट आसंजनामुळे सुमारे ३ मायक्रॉन दबतो. तेवढ्याच त्रिज्येचा स्टीलचा बॉल दबेल जेमतेम चार नॅनोमीटर, आणि चांगल्या बॉलचाही खडबडीतपणा दहा-वीस नॅनोमीटरचा असतो. म्हणजे उंचवटेच दोघांना लांब धरतात, आकर्षण असूनही त्याला पोचता येत नाही. फुलर आणि टेबर यांनी १९७५ मध्ये रबरावर हे मोजून दाखवलं: पृष्ठभाग मायक्रॉनभर खडबडीत केला की रबराचंही आसंजन नाहीसं होतं. आसंजन सगळीकडे असतं. ते दिसतं की नाही, हे वस्तू स्वतःचे उंचवटे आणि वरची धूळ गिळून घेण्याइतकी दबते का यावर ठरतं. पुढच्या सगळ्या काळज्या याच एका कारणासाठी आहेत.

सामान

भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये न्यूटन रिंगचं प्रॅक्टिकल असतंच. त्यातला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, सोडियमचा दिवा आणि ४५ अंशात धरलेली काच हे तिन्ही जसंच्या तसं इथे वापरता येतं. वर्तुळ मोजण्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यायची गरज नाही. असला तर सोय होते, इतकंच.

काटा ०.००१ ग्रॅम वाचणारा हवा. सराफांकडे असतो तसला चालतो. रसायनशास्त्राच्या लॅबमधला ०.०००१ ग्रॅमचा मिळाला तर उत्तमच, फक्त त्याचं काचेचं वरचं दार उघडं ठेवावं लागेल, म्हणून भोवती पुठ्ठ्याचा आडोसा करा.

साच्यासाठी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने खोलगट असं काचेचं भिंग घ्या, १२ मिमी व्यासाचं, फोकल लांबी उणे २० मिमी. बीके-७ काचेचा अपवर्तनांक १.५१७ आहे, त्यामुळे खोलगट बाजूची त्रिज्या १०.३ मिमी येते. याशिवाय दोन भागांचं पारदर्शक सिलिकॉन (सिलगार्ड १८४ किंवा त्या जातीचं), साध्या काचपट्ट्या, ४ मिमी उंच ॲक्रिलिकची कडी, ०.१५ मिमी जाडीची फिलर गेजची दोन पाती, ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर स्क्रू बसवलेला उभा स्टँड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर आणि नायट्राइलचे हातमोजे.

लॅटेक्सचे हातमोजे चालणार नाहीत. हे सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं. गंधक, अमाइन आणि कथिलाची संयुगं त्याला मारतात. लॅटेक्सचं बोट लागलेल्या जागी सिलिकॉन ओलसर, चिकचिकीतच राहतं, आणि नेमकं तिथेच आसंजन अवाच्या सवा मोठं येतं. शिसपेन्सिलचा रबर किंवा व्हल्कनाइज्ड रबराची नळीही जवळ नको.

घुमट ओतणं

१. साच्याचं भिंग साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी अल्कोहोलने धुऊन ६० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवा. बोअरच्या पाण्याने शेवटची धुलाई करू नका. जड पाणी वाळताना क्षारांचे पांढरे ठिपके सोडतं, आणि ते ठिपके घुमटाच्या माथ्यावर खळगे होऊन उमटतात.

२. मूळ द्रव १० भाग, घट्ट करणारा द्रव १ भाग, वजनाने. १० ग्रॅम आणि १ ग्रॅम घेतलं तर डझनभर घुमट सहज होतात. एकाला जेमतेम ०.६ ग्रॅम लागतं. काडीने तीन मिनिटं, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत ढवळा. नीट न ढवळलेल्या मिश्रणाचा घुमट एका बाजूला मऊ, एका बाजूला कडक निघतो आणि वर्तुळाऐवजी अंडाकृती दिसते.

३. डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूम देऊन २० ते ३० मिनिटं बुडबुडे काढा. खोलीचं तापमान २५ अंश असताना मिश्रण दीड-दोन तास वापरता येतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात खोली चाळीसच्या आसपास असते, तेव्हा ही मुदत बरीच कमी होते. सकाळी आठ वाजताच मिश्रण करा, किंवा दोन्ही बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधून काढल्या की झाकण उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

४. भिंगाची खोलगट बाजू वर, तिच्यावर कडी, त्यात सिलिकॉन काठोकाठ, आणि वरून स्वच्छ काचपट्टी तिरकी टेकवत सावकाश आडवी करा म्हणजे हवा अडकत नाही. खळग्याचे २ मिमी आणि कडीचे ४ मिमी मिळून जाडी ६ मिमी येते. ही जाडी मुद्दाम ठेवली आहे. पातळ घुमटाखाली काचपट्टीचा कडकपणा जाणवायला लागतो आणि जास्त भाराला आलेख वर वळतो. जाडी संपर्काच्या त्रिज्येच्या सात-आठ पट तरी असावी.

५. ओव्हनमध्ये ६५ अंशाला चार तास. घाई असेल तर १०० अंशाला ३५ मिनिटं पुरतात, पण तापमान जितकं जास्त तितकं थंड होताना आक्रसणंही जास्त. ६५ अंशाला ते दीड टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून १०.३ ची त्रिज्या १०.१ धरायची. मध्येच वीज गेली तर ओव्हनचं दार न उघडता ठेवा आणि वीज आल्यापासून पुन्हा पूर्ण चार तास द्या. जास्त वेळ झाल्याने बिघडत काही नाही.

६. काढताना भिंगाच्या कडेला अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि सावकाश सोलल्यासारखं उचला. साच्याला ग्रीस, तेल, मेण काहीही लावायचं नाही. साच्याला लावलेलं सगळं घुमटावर येतं, आणि मग तुम्ही सिलिकॉनचं नाही, ग्रीसचं आसंजन मोजत बसता.

सिलिकॉन घट्ट झालं तरी त्याच्या रेणूंच्या काही टक्के साखळ्या आत मोकळ्याच राहतात आणि हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात. शक्य असेल तर घुमट हेप्टेनमध्ये एक दिवस बुडवून, मग दोन दिवस झाकून वाळवून घ्या. हेप्टेन पेट घेतं. फ्यूम हूडमध्येच, जवळ बर्नर नसताना.

मांडणी

इथे बहुतेकांचा प्रयोग फसतो. घुमट थेट मायक्रोमीटरला बांधला, की स्क्रूच्या एका भागाला (१० मायक्रॉन) भार सुमारे दोन ग्रॅमने उडी मारतो. आपल्याला शोधायचंय ०.२४ ग्रॅम. म्हणजे सुटण्याचा क्षण दोन वाचनांच्या मध्ये कुठेतरी हरवतो आणि ‘आसंजन नाही’ असा निष्कर्ष वहीत जातो.

उपाय म्हणजे मध्ये स्प्रिंग घालायची. फिलर गेजची १२.७ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड अशी दोन पाती एकमेकांना समांतर, एकावर एक, मध्ये १५-२० मिमी अंतर ठेवून बांधा. एक टोक स्टँडला, दुसरं टोक घुमट धरणाऱ्या हलक्या चौकटीला. पात्यांची मोकळी लांबी ७० मिमी ठेवली तर या जोडीचा ताठपणा मीटरला ५० न्यूटन येतो. आता स्क्रूच्या एका भागाला भार फक्त ०.०५ ग्रॅमने बदलतो. एकच पातं घेऊ नका. एकेरी पातं वाकताना डोकं (घुमटाची चौकट) तिरकं होतं आणि घुमट काचेवर लोळतो. दुहेरी पात्यांनी डोकं आडवंच राहतं. बाजूला थोडं सरकतं, पण पाच ग्रॅमपर्यंत ते दहा मायक्रॉनच्या आतच असतं. म्हणून भार पाच ग्रॅमच्या वर नेऊ नये.

जुना निकामी सूक्ष्मदर्शक अडगळीत असेल तर त्याचा बारीक फोकसचा भाग मायक्रोमीटरऐवजी वापरा. त्याचा एक भाग बहुधा २ मायक्रॉनचा असतो आणि चाल मऊ असते.

काट्याच्या ताटलीत वीसेक ग्रॅमचं वजन ठेवा, त्यावर दुहेरी टेपने काचपट्टी आडवी बसवा, आणि काटा शून्य करू नका. सराफी काट्यांमध्ये शून्याच्या आसपासचा हळू बदल आपोआप गिळून टाकायची सोय असते. शून्य करून प्रयोग केला तर सावकाश वाढणारा ओढा काटा धूळ समजून पुसून टाकतो. २०.००० वरून वाचलं तर १९.७६० म्हणजे ०.२४ ग्रॅमचा ओढा, सरळ हिशेब.

चौकटीला मध्ये खिडकी ठेवा. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप वर उभा, खाली ४५ अंशाची काच, बाजूने सोडियमचा दिवा, आणि नजर वरच्या काचपट्टीतून व सिलिकॉनमधून थेट संपर्कावर. जिथे सिलिकॉन काचेला लागलंय तिथे प्रकाश फारसा परतत नाही, म्हणून मध्ये काळी चकती दिसते आणि भोवती पिवळ्या-काळ्या कड्या. दर कडीमागे हवेची फट २९५ नॅनोमीटरने वाढते. आसंजन असेल तर काळ्या चकतीच्या कडेलाच कड्या दाटीवाटीने बसतात, कारण रबर काचेपासून जवळजवळ उभंच सुटतं. आसंजन नसेल तर चकतीला लागून पहिल्या कड्या रुंद, पसरट दिसतात. अनुभवी माणूस एकही आकडा न घेता इथेच सांगू शकतो की पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही.

स्वच्छता, आणि रुईचा प्रश्न

खालची काचपट्टी साबण, डिस्टिल्ड वॉटर, अल्कोहोल या क्रमाने धुऊन वाळवा. पुसायची नाही. सोलापुरात हे जास्तच ठासून सांगावं लागतं. ज्या भागात चादर-टॉवेलचे माग चालतात तिथे हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, आणि कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. आपला घुमट शून्य भाराला दबतो ३ मायक्रॉन. म्हणजे एकच तंतू मध्ये आला, की घुमट तंबूसारखा त्यावर उभा राहतो. संपर्क होतो, पण तंतूच्या दोन्ही बाजूंना दोन तुटक चकत्या दिसतात, मध्ये उजळ पट्टी राहते आणि सुटण्याचं बळ निम्म्याहूनही खाली येतं. सुती फडक्याने काच पुसणं म्हणजे हे संकट स्वतःच्या हाताने आणणं. घुमटावर धूळ बसली असेल तर पारदर्शक चिकटपट्टीने उचलू नका, तिचा गोंद मागे राहतो. अल्कोहोलने धुवा आणि तासभर झाकून वाळवा, कारण सिलिकॉन अल्कोहोल थोडं शोषतं.

खिडक्या बंद, पंखा बंद. पंख्याच्या झोताने मिलिग्रॅमचा काटा नाचतो. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही, हे खरं, म्हणून प्रयोग सकाळी लवकर करा किंवा डिसेंबर-जानेवारीत. काटा चालू करून अर्धा तास तापू द्या.

प्रत्यक्ष वाचनं

घुमट काचेपासून दिसेल न दिसेल इतक्या अंतरावर आणा. आता स्क्रू अगदी सावकाश. कड्या मोठ्या होत मध्यभागी गोळा होतात आणि अचानक काळी चकती उमटते. त्या क्षणी काटा दहा-पंधरा मिलिग्रॅम हलका दाखवतो, कारण घुमटाने काचेला वर ओढलेलं असतं. ही उडी दिसली नाही तर पुढे जाऊ नका, काच पुन्हा धुवा.

मग ०, ०.२५, ०.५, १, १.५, २, ३, ४, ५ ग्रॅम असे थांबे घ्या. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं थांबून काटा आणि चकतीचा व्यास नोंदवा. व्यास उभा आणि आडवा दोन्ही मोजा. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर घुमट तिरका बसलाय किंवा मिश्रण नीट ढवळलेलं नव्हतं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप ०.०१ मिमी वाचतो, म्हणजे ०.६ मिमी व्यासाला दीड-पावणेदोन टक्क्यांची चूक धरूनच चालावं लागतं. स चा घन येत असल्यामुळे ती चूक तिप्पट होते. म्हणून प्रत्येक थांब्यावर तीन वाचनं.

परतीच्या वाटेवर, भार कमी करताना, थांबे तेच पण प्रतीक्षा पाच मिनिटांची. शून्याखाली गेल्यावर एकेक भाग मागे. काटा ज्या सर्वात कमी आकड्यापर्यंत जाऊन एकदम परत उसळतो, तो आकडा सुटण्याचं बळ देतो. ग्रॅमचे न्यूटन करताना सोलापुरात गुरुत्वत्वरण ९.७८ घ्या. पुस्तकातलं ९.८१ घेतलं तरी फरक ०.३ टक्क्यांचा, त्यावरून भांडायला नको.

हिशेबाचा एक नमुना. भार १ ग्रॅम, स ०.४१४ मिमी, त्र १० मिमी. स मीटरमध्ये घेऊन दीड घात केला तर ८.४२ × १०⁻⁶ येतं. भ ÷ स^१.५ = ११६१. असे सगळे बिंदू टाकून रेषा काढली आणि उतार ३.५६ × १०⁶, छेद उणे १८३२ आला, तर च = १८३२² ÷ (६ × पाय × ३.५६ × १०⁶) = ०.०५ ज्यूल प्रति चौरस मीटर. मिमी आणि ग्रॅम तसेच ठेवून रेषा काढू नका. दीड घातामुळे एककं सांभाळणं जिकिरीचं होतं आणि च हजारो पटींनी चुकतो.

आकडे जुळले नाहीत तर

भार वाढवतानाच्या वाचनांवरून आलेला च आणि सुटण्याच्या बळावरून आलेला च सारखे येत नाहीत, ही पहिली तक्रार असते. ती चूक नाही. सिलिकॉनची पृष्ठऊर्जा चौरस मीटरला सुमारे २२ मिलिज्यूल आहे, म्हणून सिलिकॉनवर सिलिकॉन टेकवलं तर च ४४ मिलिज्यूलच्या आसपास यायला हवा, आणि चढत्या भाराला येतोही. काचेवर मात्र उघडे हायड्रॉक्सिल गट असतात. ते सिलिकॉनच्या साखळ्यांशी हळूहळू हायड्रोजन बंध बांधतात. जितका वेळ टेकलेलं राहील तितकं सोडवायला जास्त ओढावं लागतं. रात्रभर टेकवून ठेवलेला घुमट सकाळी दुप्पट-तिप्पट बळ मागतो. म्हणून चढत्या रेषेचा च हा मूळ आकर्षणाचा आकडा माना आणि उतरतीचा आकडा देताना किती मिनिटं टेकलेलं होतं आणि किती वेगाने ओढलं ते सोबत लिहा. वेळ आणि वेग न लिहिलेला सुटण्याच्या बळाचा आकडा कुणाच्याही उपयोगाचा नाही.

ओढण्याचा वेग वाढवला की बळ वाढतं, कारण कडेची फट पुढे सरकताना रबरात ऊर्जा जिरते. एका बैठकीत भराभर आणि दुसऱ्या बैठकीत सावकाश ओढून दोन्हींची सरासरी काढणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

रेषा शून्यातून जात असेल तर पृष्ठभाग घाण आहे किंवा घुमटाच्या माथ्यावर साच्याचे ओरखडे उमटलेत. छेद खूप मोठा, उतार खूप लहान आला तर सिलिकॉन पुरतं घट्ट झालेलं नाही. बोटाच्या नखाने कडेला दाबून पाहा. खूण राहिली तर घुमट फेकून द्या. बिंदू वर-खाली नाचत असतील तर काट्याखालचं टेबल तपासा. लाकडी बाकावर शेजारी कुणी कोपर टेकवलं तरी मिलिग्रॅम हलतात. कडाप्प्याचा ओटा बरा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ थर बसतो. सिलिकॉन पाण्याला जवळ करत नसल्यामुळे त्याला फारसा फरक पडत नाही. पण हाच प्रयोग काचेच्या भिंगावर काच ठेवून केला, तर मधल्या पाण्याच्या वळणाचं ओढणं ४ × पाय × त्र × ०.०७२ पर्यंत जातं. दहा मिमी त्रिज्येला ते ०.९ ग्रॅम होतं, म्हणजे आपल्या सिलिकॉनच्या जवळजवळ चौपट. जुलैमध्ये काचेवर काच चिकटली म्हणून आनंदून जाऊ नका, ते पाणी आहे.

जेकेआर कुठे लागू नाही

देर्यागिन, म्युलर आणि तोपोरोव यांनी १९७५ मध्ये वेगळं सूत्र दिलं, त्यात सुटण्याचं बळ २ × पाय × च × त्र येतं. दीड की दोन, यावर वाद झाला. डेव्हिड टेबरने १९७७ मध्ये दाखवलं की दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत: मऊ, मोठा, जास्त चिकट गोल असेल तर दीड, कडक, सूक्ष्म गोल असेल तर दोन. ठरवायचा आकडा (त्र × च² ÷ (गुणांक² × अणूंमधलं अंतर³)) चा घनमूळ. इथला गुणांक म्हणजे क चा पाऊण भाग, आणि अंतर ०.३ नॅनोमीटर धरायचं. आपल्या सिलिकॉनला तो हजारांत येतो. पाचच्या वर असेल तर जेकेआर निर्धास्त वापरा. ०.१ च्या खाली असेल, उदाहरणार्थ सूक्ष्म कडक कण, तर दोनचं सूत्र. मधल्या पट्ट्यासाठी मोजीसचं १९९२ चं गणित आहे, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला त्याची गरज पडत नाही.

घुमट तयार असला की त्यावर आणखी दोन प्रयोग फुकट होतात. खालची काचपट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून पाहा: आधी ३००० नंबर, मग १०००, मग ४००. प्रत्येक वेळी तेच थांबे, तीच प्रतीक्षा, तेच धुणं. कोणत्या नंबरला काळी चकती फुटून ठिपक्यांची जाळी होते ते नोंदवा. दुसरा प्रयोग सूतगिरणीच्या कामाचा. ड्राफ्टिंगच्या (तंतूंची पेळू ओढून बारीक करण्याच्या) वरच्या रोलरवरचे रबरी कॉट, म्हणजे आवरणं, तंतू गुंडाळून घेतात तेव्हा ते मुद्दाम घासून बफ करतात. त्यामागे हेच खडबडीतपणाचं गणित आहे. जुन्या कॉटचा तुकडा सपाट चिकटवून त्यावर काचेचं भिंग टेकवा. आधी गुळगुळीत झालेल्या बाजूवर, मग बफ केलेल्या बाजूवर. कॉटचं रबर काळं असल्याने चकती रबरातून दिसणार नाही, म्हणून इथे भिंग वर आणि नजर भिंगातून ठेवा. कार्बन भरलेलं रबर सिलिकॉनपेक्षा ताठ असतं, तेव्हा पाच ग्रॅमऐवजी वीस ग्रॅमपर्यंत जावं लागेल, आणि त्यासाठी पात्यांची मोकळी लांबी ७० वरून ४५ मिमी करा. ताठपणा मीटरला १९० न्यूटनच्या आसपास होईल आणि डोकं पुन्हा साधारण एक मिलिमीटरच हलेल.